मधली मूठ

आमच्या घरमालकांच्या घरात एकाही वस्तूला नाव नव्हतं. फ्रीज होता, टीव्ही होता, दोन पंखे, मिक्सर, गॅसची शेगडी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं होतं. पण जिथे म्हणून कंपनीचं नाव छापलेलं असतं तिथे जखमेवर लावायची चिकटपट्टी लावलेली. पहिल्यांदा आत पाऊल ठेवलं तेव्हा मला वाटलं, या घरात मोठा अपघात झालाय आणि एकही यंत्र त्यातून धड सुटलेलं नाही.

"नाव वाचलं की डोळं बिघडत्यात, पावणं," ते म्हणाले. "मग माल दिसतच न्हाय."

गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणत राहिलो. ते मात्र मला शेवटपर्यंत 'पावणं'च म्हणत होते. वरच्या मजल्यावर महिन्याच्या महिन्याला भाडं देऊन राहणारा माणूस पाहुणा कसा, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "भाडेकरूला जा म्हणता येतंय, पावण्याला येत न्हाय. तुमाला कुठलं बरं वाटतंय बगा." मी मुकाट्याने पाहुणा राहिलो.

आप्पांनी चाळीस वर्षं निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत पारख केली. तंबाखूचा बोद, म्हणजे गच्च भरलेलं पोतं, समोर आला की वरचा पाला बाजूला सारायचा, खांद्यापर्यंत हात आत घालायचा, अगदी मधली मूठ बाहेर काढायची आणि डोळे मिटून हुंगायची. एवढंच काम. तेवढ्यावर ते सांगत, माल काळ्या रानातला की माळावरचा, ओल किती, वखारीत किती दिवस टिकेल. स्वतः त्यांनी जन्मात तंबाखू खाल्ली नाही की ओढली नाही. लोक हसले की म्हणायचे, "मी नाकानं काम करतोय, त्वांडाचा काय संबंध?"

वखारीतून आप्पा रिटायर झाले, नाक झालं नाही. भाजी, वर्तमानपत्र, रेशनचे तांदूळ, गॅसचं सिलिंडर, लग्नाच्या पत्रिका, घरात येईल ते आधी नाकाला लागायचं. एका पत्रिकेवरून त्यांनी, हे लग्न जेवणावळीच्या बाबतीत कंजूष होणार, असं भाकीत केलं होतं. तिथे मठ्ठा दुसऱ्या पंगतीलाच संपला.

आम्हाला घर मिळालं तेही याच वाटेने. मी डोंगराकडच्या खेड्यातला. निपाणीत एका शाळेत क्लार्क म्हणून लागलो आणि जागा रिकामी आहे एवढं ऐकून उतावळेपणाने बायको, तीन वर्षांची रेणू आणि टेम्पोभर सामान घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. आप्पांनी माझं नाव विचारलं नाही, गाव नाही, पगार तर नाहीच नाही. टेम्पोच्या मागे गेले, वरच्या दोन बॅगा बाजूला केल्या, आत हात घातला आणि ढिगाच्या अगदी मधून एक जुनी वाकळ ओढून काढली. बायकोचा चेहरा उतरला. ती ठिगळाठिगळांची वाकळ ती माहेरच्यांनाही दाखवत नसे. आप्पांनी ती नाकाला लावून डोळे मिटले. टेम्पोवाला, गल्लीतली चार माणसं आणि आम्ही निकालाची वाट बघत उभे.

"जांबोटीच्या बाजूचा लाकडाचा धूर हाय," आप्पा म्हणाले. "लई पावसाचा मुलूख. तरीबी ओलीचा वास न्हाय. बाईनं वाळवून, घडी घालून ठिवलीया. ऱ्हावा."

त्या दिवसापासून बायको त्यांच्या बाजूची झाली. पुढची तेरा वर्षं माझे आणि आप्पांचे कशावरही मतभेद झाले की घरात मतं मोजायची सोय राहिली नाही.

त्यांची दुसरी खोड भावाची. त्यांच्यासमोर कुठल्याही वस्तूची किंमत मोठ्याने बोलायची नाही. त्यांच्या तरुणपणी वखारीत सौदा व्हायचा तो टॉवेलखाली. दोघांनी हात मिळवायचे, वर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला काही कळता कामा नये. पुढे वखारीत कागद आले, फोन आले, पण आप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल तसाच राहिला. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी भाजीवाल्याला दोन मिनिटं त्यांच्या हातात हात देऊन उभं राहावं लागे, आणि मागची गिऱ्हाईकं ताटकळत. रेणू सहा वर्षांची असतानाच तिला त्यांनी ही बोटं शिकवली. दोघं बाजारातून आली की बायकोला भाव सांगायलासुद्धा टॉवेल पसरायची. "आप्पा, घरात आपण तिघंच आहोत," बायको म्हणायची. आप्पा खिडकीकडे डोळे वळवायचे. खिडकीत मी असायचो.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आप्पांना ताप आला. पंधरा दिवस खाली एकटे. रेणू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ताट ठेवायची आणि वरून ओरडून त्यांना गल्लीच्या बातम्या द्यायची. बरे झाले, पण तेव्हापासून ते रेणूशिवाय बाजाराला जाईनासे झाले. आंबा असो, तूप असो, आधी स्वतः हुंगायचे, मग रेणूच्या नाकापुढे धरायचे, दोघांचे हात टॉवेलखाली जायचे आणि मग निकाल लागायचा. मी विचारलं तर म्हणाले, "पोरीचं नाक तयार करतोय. माझ्यामागं कोन हाय?" एकदा खालून दूध करपल्याचा वास आला म्हणून मी धावत गेलो, तर आप्पा शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. वय झालं, असं मी बायकोला म्हणालो.

रेणू नववीत गेली आणि आमच्या घरात लॅपटॉपचा विषय निघाला. शाळेत एका कॉम्प्युटरला पाच मुलं. घरी एक माझा फोन, तोही दिवसभर माझ्याबरोबर ऑफिसात. पोरीला प्रोग्राम लिहायचं वेड लागलेलं, म्हणून ती ते वहीत लिहायची. पेन्सिलीने, पानंच्या पानं. शेवटी स्वतःच मनात चालवून बघायची आणि खाली 'चालला' किंवा 'अडकला' असं लिहायची. एका पानावर तिने 'बहुतेक चालला' असं लिहिलेलं मी वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

बायकोची भिशी त्या वर्षी लागायची होती. त्या पैशांत एक लॅपटॉप येणार होता, आणि एकच. तो बिघडला तर रेणू परत वहीवर, हे आम्हा तिघांनाही न बोलता ठाऊक होतं. तिच्या मावसभावाचा स्वस्तातला लॅपटॉप सहा महिन्यांत बंद पडला होता. आता त्यावर कुंड्या ठेवतात.

मी काही कमी तयारी केली नाही. फोनवर चाळीसेक व्हिडिओ बघितले. प्रोसेसर, रॅम, बॅटरी, वजन असा रंगीत तक्ता केला आणि शाळेच्या प्रिंटरवर छापला, हे कुठे बोलू नका. तक्त्यात जो पहिला आला होता तो पातळ, चंदेरी आणि दसऱ्याच्या ऑफरमध्ये आमच्या भिशीत बसणारा होता. बेळगावच्या खडेबाजारात एका दुकानात तो आहे, असंही मी फोन करून काढलं. तक्ता घेऊन मी मोठ्या डौलात खाली गेलो.

आप्पांनी कागद घेतला, हुंगला आणि परत दिला.

"ह्यातला एक तरी तुमी हातात धरलासा काय?"

"नाही. पण आप्पा, हे लाखो लोकांनी—"

"ते लोक तुमच्या पोरीला वही आणून देणार हाईत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थर्मास, बसायला पोत्याचा तुकडा आणि सुट्टी असलेली रेणू घेऊन बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बसले. नवा लॅपटॉप घ्यायचा तर मोडलेले बघायचे, ही त्यांची मधली मूठ. दुकान म्हणजे एक खुर्ची आणि एक टेबल. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "आप्पा, काय बिघडलंय?" आप्पा म्हणाले, "अजून काय न्हाय. बिघडायच्या आदी आलोय." तो आधी वैतागला. दुपारपर्यंत आप्पा त्याचे बारीक स्क्रू आकारावारी निवडून डब्यांत भरत होते, आणि दुसऱ्या दिवशी तोच त्यांना हाक मारून म्हणत होता, "आप्पा, हे बघा, ह्येचं बिजागर गेलंय."

दोन दिवसांत रेणूने वहीत सहा पानं भरली. कुठले बिजागरापाशी मोडतात, कुणाची चार्जिंगची पिन सैल होते, कुणाचा की-बोर्ड एका चहाच्या थेंबाने जातो. रॅम आठ जीबी तरी पाहिजे, जुन्या तबकडीचा, म्हणजे हार्ड डिस्कवाला, घ्यायचा नाही, आणि ज्याचे भाग निपाणीत मिळतात तोच घ्यायचा, कारण बेळगावला पाठवला की तीन आठवडे गेले. माझ्या चाळीस व्हिडिओंत बिजागर हा शब्द एकदाही आला नव्हता. अर्थात हे मी कबूल केलं नाही.

दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघं बेळगावच्या बसमध्ये बसलो. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून रेणूला फुकटचं तिकीट मिळालं, आमची दोघांची पुरी. संकेश्वर येईपर्यंत आप्पा त्यावर बोलत होते. लॅपटॉपही बाईमाणसाच्या नावावर घेतला तर काही सूट आहे का, असं त्यांनी कंडक्टरला विचारून घेतलं. कंडक्टर म्हणाला, "मांडीवर घेऊन बसला तर तिकीट नाही, एवढंच."

दुकान थंडगार, चकचकीत. कपाळावर गंध लावलेला एक तरुण सेल्समन पुढे आला. आप्पांनी खिशातून चिकटपट्टीची डबी काढली आणि मांडलेल्या लॅपटॉपांच्या नावांवर ओळीने पट्ट्या लावायला सुरुवात केली. पोरगा घाबरून आत गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, शांत. त्याने ओळीने जखमी झालेला माल बघितला, मग आप्पांकडे बघितलं.

"अज्जा, हे काय चाललंय?"

"काय न्हाय. नंतर काढतो. डाग ऱ्हात न्हाय."

मी पुढे सरसावलो, माफी मागितली आणि तक्त्यातला पहिला नंबर मागितला. मॅनेजरने खोका आणवला. ऑफरचा शेवटचा नग, ऑफरही आजच संपणार. शेजारी उभं असलेलं एक जोडपं लगेच आमच्या खोक्याकडे बघायला लागलं. मला घाम फुटला. खोका उघडला, चंदेरी लॅपटॉप बाहेर आला, सुरूही झाला, आणि पडद्यावर असा काही निळा समुद्र आला की मी पाकिटात हात घातला.

"थांबा," आप्पा म्हणाले.

त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंही नाही. रिकामा खोका उचलला, आतले पुठ्ठे वेगळे केले, मधल्या खाचेत नाक घातलं आणि डोळे मिटले. मग खोका रेणूपुढे धरला. "बग गं." रेणूने नाक घातलं. टॉवेल पडला, दोघांचे हात आत गेले. सेल्समन माझ्याकडे बघत होता आणि मी छताकडे.

आप्पांनी डोळे उघडले. "ह्येला ओल लागलीया."

मॅनेजर हसला. "अज्जा, लॅपटॉप आहे हा. तंबाखू नव्हे."

"ओल ती ओलच. पानाला लागू दे न्हायतर पत्र्याला."

"बाबा, नको घेऊ या," रेणू म्हणाली.

आता मला खरंच राग आला. दोन आठवडे तक्ता केलेला, ऑफर आज संपणार, शेजारचं जोडपं एक पाऊल पुढे आलेलं, आणि इथे खोक्याचा वास घेणं चाललंय. मी आप्पांना म्हणालो, आणि हे आठवलं की अजून कानशिलं तापतात, "आप्पा, वखार संपली आता. वासावर लॅपटॉप घेत नाहीत. पैसे आमचे आहेत."

आप्पांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला. एवढा उंच माणूस, पण त्या क्षणी दुकानातल्या स्टुलाएवढा दिसला. रेणू माझ्याकडे अशी बघत होती की मी पाकीट बाहेर काढायचा थांबलो.

"ती बारकी पुडी कुठाय?" तिने मॅनेजरला विचारलं. "ओल शोषायची, खोक्यात असते ती."

पुडी पुठ्ठ्याखाली होती. मॅनेजरने ती उचलली आणि त्याचं हसू गेलं. आतले दाणे सुटे खुळखुळायला हवेत, त्यांचा गोळा झाला होता. त्याने लॅपटॉप उलटा केला. पाठीमागच्या दोन स्क्रूंच्या खाचेत बारीक तांबूस गंज. मग त्याने खोकाही उलटा केला, आणि तळाशी पुठ्ठ्यावर एक फिकट रेघ दिसली, पाणी चढून उतरल्याची.

तो सेल्समनकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी हळू बोलला. पोराने मान खाली घातली. पावसाळ्यात तळघरातल्या गोदामात पाणी आलं होतं. खालच्या ओळीतले खोके उन्हात वाळवून, नव्या पट्ट्या लावून परत मांडले होते, आणि मॅनेजर तेव्हा रजेवर होता. शेजारचं जोडपं दोन पावलं मागे गेलं. मॅनेजरने ऑफरची पाटी स्वतःच्या हाताने खाली उतरवली.

"अज्जा, बसा," तो म्हणाला. "स्टूल आण रे. चहा सांग."

पुढचे तीन तास त्या दुकानात जे झालं त्याला खरेदी म्हणता येणार नाही. मॅनेजरने माडीवरून तीन लॅपटॉप आणवले, सगळ्यांच्या नावावर त्याने स्वतःच पट्ट्या लावल्या. आप्पांनी प्रत्येकाचं झाकण शंभर वेळा उघडलं, मिटलं, आणि पोराला मोजायला लावलं. पोरगा त्र्याहत्तरावर चुकला तर पुन्हा एकपासून. तीनही यंत्रं चालू ठेवून ते एकेकाच्या खाली तळहात घालून बसले, ताप आलेल्या पोराचं अंग बघावं तसे. रेणूने वहीतला सगळ्यात लांब प्रोग्राम काढला, तिन्हीवर टाइप केला. पहिल्यावर अडकला. चूक तिचीच होती, एक कंस राहिला होता. ती दुरुस्त केली आणि चालला. पुढच्या दोन्हींवरही चालला. तिने वही उघडली आणि 'बहुतेक' खोडलं. मला तिथे रडू येणार होतं, पण सेल्समनने तेवढ्यात शंभर पुरे झाल्याचं जाहीर केलं.

शेवटी उरला तो जाड, राखाडी, दिसायला मठ्ठ. माझ्या तक्त्यात तो अठरावा होता. बिजागर लोखंडी, भाग निपाणीत मिळणारे, दोन तास चालून अंग कोमट. खोक्याला पुठ्ठ्याशिवाय कसलाही वास नव्हता, असं टॉवेलखालून ठरलं.

मग भाव. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅनेजरने हात पुढे केला. "माझे वडील संकेश्वरला मिरचीच्या धंद्यात होते, अज्जा. मला लहानपणी शिकवलं होतं. येतंय का बघू या."

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला तो नवरदेवाच्या अंगावर शेला घालावा तसा. दोघांचे हात आत गेले. दुकान थांबलं. सेल्समन, जोडपं, चहावाला, रस्त्यावरून डोकावणारे दोघं, सगळे गोल करून उभे. टॉवेल मधूनच हलायचा. मॅनेजरच्या भुवया वर जायच्या, आप्पा नकारार्थी मान हलवायचे, परत हालचाल. एकदा मॅनेजरने "अज्जा, मिरचीत असं नसतंय," असं म्हटलं. आप्पा म्हणाले, "लॅपटॉप मिरची हाय व्हय?" मग दोघंही एकदम थांबले, हसले आणि हात सोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पैसे माझे, आणि भाव किती ठरला हे त्या सगळ्या दुकानात मलाच ठाऊक नव्हतं. बिल छापून आलं ते मॅनेजरने घडी घालून माझ्या हातात दिलं. आकडा भिशीच्या आत होता. मी तो मनात वाचला, आणि आजही मोठ्याने सांगणार नाही.

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप रेणूच्या मांडीवर. मी आप्पांची माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पावण्याचं काय मनावर घ्यायचं न्हाय." यमकनमर्डीच्या पुढे ते झोपून गेले.

तो राखाडी मठ्ठ अजून चालतो. त्यावर रेणूने दहावी केली. त्याचा एकदाच की-बोर्ड गेला, माझ्या चहाने, आणि बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याने तो दीड तासात बदलून दिला. नावावर पट्टी अजून आहे. तो कुठल्या कंपनीचा आहे हे मी विसरून गेलोय.

रेणूच्या कॉलेजसाठी आम्ही बेळगावला बिऱ्हाड हलवलं. टेम्पो भरला, आप्पांनी सवयीने मधून हात घालून तीच वाकळ काढली, नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग नीट घडी घालून परत ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बायको तर हुंदके देत होती. टेम्पो तवंदी घाटाला लागला तेव्हा रेणू म्हणाली, "बाबा, आप्पांना वास येत नाही."

"कसला वास?"

"कसलाच. कोरोनात गेला तो आलाच नाही. मला एकटीलाच माहीत आहे. त्यांनी शपथ घातलेली, गल्लीत राहतोय तोवर कुणाला सांगायचं नाही म्हणून."

मी टेम्पोच्या दांडीला धरून बसलो. दूध. बाजार. आंबे. चार वर्षं मी त्या माणसापुढे तुपाच्या बरण्या, तांदळाचे नमुने, एकदा तर शाळेच्या नव्या रंगाचा डबासुद्धा नाकाला लावायला नेला होता, आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "जरा थांबा, रेणूला येऊ दे."

"आणि लॅपटॉप?"

"खोक्याचा वास मी घेतला. टॉवेलखाली दोन बोटं दाबली की ओल. करंगळी म्हणजे करपलेलं. सगळी मूठ आवळली की चांगलं." ती जरा थांबून म्हणाली, "तुम्ही दुकानात बोललात ना वखार संपली म्हणून, तेव्हा त्यांनी माझा हात सोडला होता."



या उन्हाळ्यात मी आंब्याची पेटी घेऊन निपाणीला गेलो. रेणूची परीक्षा होती, एकटाच गेलो. आप्पा ओसरीवर बसलेले, थोडे वाळलेले, टॉवेल खांद्यावर. "या पावणं," म्हणाले. कॉलेजचं विचारलं, लॅपटॉपच्या बिजागराचं विचारलं. मी पेटी उघडली, वरचा थर बाजूला केला आणि मधला एक आंबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाला लावला, डोळे मिटले. मग सवयीने डोळे उघडून बाजूला बघितलं. बाजूला रेणू नव्हती, मी होतो.

मी आंबा घेतला आणि हुंगला. मग त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि आत गडबडीत दोन बोटं दाबली.   आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते समोरच्या गल्लीकडे बघत होते.

"पावणं," ते हळूच म्हणाले, "ह्या आंब्याला ओल लागलीया म्हन्तासा?"

मी बोटं सोडली आणि त्यांची सगळी मूठ आवळून धरली.

"हां," आप्पा म्हणाले. "आता आला वास."